आधी पक्षी, मग केक

आमच्या चौघांचे किस्से म्हणजे स्वयंपाकघरातली ती पिशव्यांची पिशवी. एक काढायला जावं तर तिच्या बंदात अडकून दहा बाहेर येतात, आणि परत कोंबायला गेलं की एकही आत राहायला तयार नसते. परवा सोसायटीतल्या एकीने सहज विचारलं, "नीलिमाताई, साठी कशी साजरी केलीत? मोठा केक आणला असेल!" मी म्हटलं, बाई गं, बस. केकचं नाव काढलंस ना, आता चहा पिऊन झाला तरी सुटका नाही तुझी.

तर आम्ही चौघं. मी भाईंदरजवळच्या शांती नगरातली. एका कुरियर कंपनीच्या तक्रार विभागात तीस वर्षं लोकांची बोलणी खाल्ली, त्यामुळे आता कुणीतरी माझी तक्रार ऐकावी एवढीच इच्छा उरलीय. दुसरी हेमा, माझी गिरगावातल्या शाळेपासूनची मैत्रीण. तिने इकडे घर घेतलं म्हणून मी घेतलं, दोन बिल्डिंगा सोडून राहते. तिसरे सामंत, वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून रिटायर झालेले. दुकानदारांचे काटे तपासण्यात जन्म गेला, आता आम्हाला तपासतात. चौथे भोईरदादा, इथले मूळचे. त्यांच्या आजोबांचं भाईंदरला मिठागर होतं. त्यांच्याकडे एक जुनी जीप आहे, आणि कुठल्याही प्रश्नाला एका वाक्याच्या वर उत्तर द्यायचं नाही असा त्यांचा पण आहे.

चौघांचा छंद एकच, पक्षी बघणं. रविवारी सकाळी जीपमध्ये बसायचं, मिठागरं, खाडी, उत्तनची बाजू, जमेल तिकडे जायचं आणि दुर्बिणी लावायच्या. कुणाला काय दिसलं ते सामंत एका लांबट हजेरीबुकात लिहितात. आणि वाढदिवसाला आमचा एक नियम आहे. ज्याचा वाढदिवस, त्याला त्या दिवशी नवा पक्षी दिसला पाहिजे. नवा म्हणजे त्याच्या यादीत आजवर नसलेला. दिसला तर केक कापायचा. नाही दिसला, नाही कापायचा.

माझा वाढदिवस मे महिन्याच्या शेवटी येतो. थंडीतले पाहुणे पक्षी तोवर केव्हाच परत गेलेले असतात, आणि जे इथेच राहतात ते सगळे माझ्या यादीत आधीच आहेत. सहा वर्षं हेमाने माझ्यासाठी केक आणला. सहाही वर्षं तो न कापता घरी आला! यंदा सातवं वर्ष, त्यात माझी साठी, आणि हेमा जूनमध्ये कायमची नागपूरला मुलाकडे चाललेली. म्हणजे हेमाच्या हातचा केक, हेमा समोर असताना, चौघांत कापायचा तर यंदाच. नाही तर कधीच नाही.

*

"असला नियम केला कुणी?" असं सगळे विचारतात. हा प्रश्न मला आवडत नाही, कारण हात मीही वर केला होता.

झालं असं, की पहिल्या वर्षी डिसेंबरात सामंतांचा वाढदिवस आला. आम्ही मिठागराच्या बांधावर गेलो. समोर पाण्यात पक्ष्यांचा हा एवढा थवा उतरलेला. हेमाने हौसेने जीपच्या बॉनेटवर केक मांडला, मेणबत्ती लावली, सामंतांनी फुंकर मारली आणि हेमाने पार्टी पॉपर फोडला. फाट्!

एक पक्षी राहिला नाही. सामंतांच्या चष्म्यावर चमकी, टकलावर चमकी आणि दुर्बिणीत मोकळं आकाश.

त्यांनी चमकी झटकलीसुद्धा नाही. तशीच वही उघडली आणि म्हणाले, "आजपासून आधी पक्षी, मग केक. मतदान घेऊ."

हेमाने हात वर केला, कारण तिला अपराधी वाटत होतं. भोईरदादांनी केला, कारण सगळे करतील तसं करून मोकळं व्हायचं ही त्यांची पद्धत. मी केला, कारण मला भूक लागली होती आणि हे एकदाचं आटपावं असं वाटत होतं.

अर्ध्या तासाने थवा परत उतरला. त्यात सामंतांना एक कधी न पाहिलेला चिखल्या दिसला. टाळ्या, केक, फोटो! इतकं सोपं वाटलं म्हणून सांगू. तुमचा वाढदिवस कधी असतो हे मला कुणी विचारलं नाही. आणि तो मे महिन्यात असतो हे, देवाशप्पथ, त्या क्षणी मलाही आठवलं नाही.

*

मग आला तो मे. त्याच बांधावर गेलो. उन्हात मिठाच्या राशी अशा चमकत होत्या की डोळे उघडवेनात. हेमाने यूट्यूबवर बघून फ्रेश क्रीमचा केक केला होता. दोन तास आम्ही उभे. दिसलं काय? वंचक. बगळा. खंड्या. पुन्हा तोच वंचक.

दोन तासांनी भोईरदादा म्हणाले, "ताई, पाखरां कवाच गेली. आता दिवाली झाल्यावर."

"अहो, मग हे सकाळी घरी सांगायचं ना!"

"तुमी इचारला न्हाय."

केकचा डबा उघडला तर आत ताक झालेलं. सामंतांनी वहीत लिहिलं, "नवीन पक्षी: नाही." लिहिलं ते लिहिलं, वर मला मोठ्याने वाचून दाखवलं!

हेमाने तो काला रात्रभर माझ्या फ्रीजरमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बेल वाजली. दारात सामंत, हातात स्टीलची डिश आणि चमचा.

"काय हो?"

"काल तो वाढदिवसाचा केक होता," सामंत म्हणाले, "आज नुसता केक आहे. त्याला नियम लागू नाही."

तेव्हापासून माझ्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बेल वाजते. दरवर्षी! आमचे हे आतूनच ओरडतात, "उघड गं, डिश आली."

त्यानंतर हेमाने क्रीमचं नाव टाकलं. तेव्हापासून रव्याचा केक, कुकरमध्ये केलेला, वर टूटीफ्रूटी. तो कुठल्याही उन्हात टिकतो. नुसता टिकतो हो, कापला जात नाही.

*

दुसऱ्या वर्षी उत्तनजवळच्या डोंगरीला गेलो. माझी चप्पल चावत होती म्हणून मी एका वडाच्या पारावर बसले. हेमा सुके बोंबील घ्यायला गेली, भोईरदादा ओळखीच्या घरी पाणी प्यायला, आणि सामंत त्यांच्या मागोमाग.

आणि बघते तर काय, समोरच्या ताडावर सर्पगरुड! पिवळेजर्द डोळे, डोक्यावर तुरा, थेट माझ्याकडे बघतोय. मी ओरडले, "अहो या! लवकर या! सामंत! हेमे!"

तिघं धावत आले. गरुड त्याआधीच गेला. माझ्या ओरडण्यानेच गेला असणार, पण हे मी तेव्हा कबूल केलं नव्हतं.

"आणखी कुणी पाहिला?" सामंतांनी विचारलं.

"म्हणजे? माझ्यावर विश्वास नाही?"

"पूर्ण विश्वास आहे. तीस वर्षं काटे तपासले नीलिमाताई, एकही दुकानदार खोटं बोलताना सापडला नाही. सगळे छातीवर हात ठेवून सांगायचे. काटेच तेवढे खोटे निघायचे."

"फोटो काढलाय मी!"

सामंतांनी माझा मोबाइल घेतला, चष्मा वर केला, बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला.

"ताड छान आलाय," म्हणाले.

त्याच पारावर बसून त्यांनी वहीत नवं कलम घातलं, पक्षी आणखी दोघांनी पाहिलेला असला पाहिजे. म्हणजे माझ्याच वाढदिवशी, माझ्याच डोळ्यांदेखत, माझ्याचविरुद्ध कायदा! घरापर्यंत मी सामंतांकडे पाठ करून बसले. हेमा माझ्या शेजारी बोंबलाची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती आणि हळूच म्हणाली, "नीलू, मला वाटतं तो गरुडच होता हं." तेवढ्यावर मी तो दिवस काढला.

*

तिसऱ्या वर्षी तिकडच्याच चौक गावापाशी जीपचं टायर गेलं. स्टेपनीत हवा नव्हती. त्याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही, आणि सांगायला गेले तर माझं बीपी वाढेल.

*

आता मध्येच भोईरदादांचं सांगते, कारण माझा खरा जळफळाट तिथे आहे.

दादांचा वाढदिवस शाळेच्या दाखल्यावर एक जून. मास्तरांनी लावलेला, त्या काळी सगळ्यांचाच लावायचे. म्हणजे खरं तर त्यांची अवस्था माझ्यासारखीच व्हायला हवी होती की नाही? पण नाही! नियम झाल्यावर पहिल्याच जानेवारीत खाडीवर त्यांना एक नवीन बदक दिसलं. दादांनी दुर्बीण खाली केली आणि म्हणाले, "आज माजा वाढदिवस हाय."

"तुमचा तर जूनमध्ये ना?" सामंतांनी वही चाळली.

"तो मास्तराचा. आय बोलायची, तू थंडीत झालास."

"थंडीत कधी?"

"ते आयला ठाऊक. ती आता न्हाय."

सामंतांनी वही मिटली! वजनमापे खात्याचा माणूस, पण गेलेल्या आईला कुठे तपासणार? केक नव्हता, तर हेमाने बेकरीतून मावा केक आणून कापायला लावला. पुढच्या वर्षी दादांचा वाढदिवस डिसेंबरात आला. त्याच्या पुढच्या वर्षी दोनदा आला!

मी म्हटलं, "सामंत, मग माझाही जानेवारीत घ्या. माझी आईसुद्धा गेलीय."

"तुमचा जन्मदाखला आहे," सामंत म्हणाले. "मी पाहिलाय."

कधी पाहिला, कशाला पाहिला, देव जाणे. मी हेमाकडे बघितलं. हेमा म्हणाली, "अगं, तूच दिला होतास त्यांना, पासपोर्टच्या कामाला." घ्या!

*

चौथ्या वर्षी ऐन वेळी हेमाचा गॅस संपला. मग शांती नगरातल्या एका बेकरीत ऑर्डर दिली. काउंटरवरचा भाई फॉर्म भरत होता.

"बेबी का नाम?"

"नीलिमा," हेमा म्हणाली.

"बेबी कितने साल की हुई?"

"सत्तावन."

त्याने पेन थांबवलं. हेमाने माझ्याकडे बोट दाखवलं. "बेबी ये है."

"ऊपर क्या बनाना है? डॉल, कार, बटरफ्लाय?"

हेमाला वाटलं, शुभशकुन होईल. "एक पक्षी बनाओ. नया पक्षी. जो पहले किसी ने देखा नहीं."

भाईने पेन कानामागे खोचलं आणि मान डोलावली. दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर केकवर एक पक्षी, हिरवं अंग, लाल चोच, निळे पाय, मोराची शेपटी आणि डोळ्यांच्या जागी दोन चेरी. माझ्याकडे असा रोखून बघत होता की मीच नजर खाली घेतली.

खाडीवर तीन तास काही दिसलं नाही. मग भोईरदादांनी डब्यात वाकून पाहिलं आणि म्हणाले, "ह्यो नवीन हाय. मी पायला. हेमाताईंनी पायला. लिवा."

माझ्या आशा एकदम पल्लवित! दोन साक्षीदार! मी सामंतांकडे अशी बघतेय, अशी बघतेय...

सामंतांनी खरंच वही उघडली. दोन मिनिटं लिहीत होते. मग वाचून दाखवलं, "कलम तीन. पक्षी जिवंत असावा."

*

पाचव्या वर्षी माझा पाय मुरगळला. मग सगळे माझ्याच घरी जमले, गॅलरीतून बघू म्हणाले. समोरच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर एसीच्या मागे काहीतरी फडफडत होतं. चौघांच्या चार दुर्बिणी तिकडे.

पाचच मिनिटांत समोरच्या खिडकीत एक गुजराती बाई उभ्या. "शरम नहीं आती? उमर देखो अपनी!"

मी खुर्चीतच आडवी व्हायला बघत होते. पण सामंत शांत. कठड्याला टेकून मोठ्याने म्हणाले, "बहेनजी, हम आपको नहीं देख रहे. आपमें हमको कुछ इंटरेस्ट नहीं है!"

झालं! दहा मिनिटांत बाई, बाईंचा नवरा आणि सासूबाई आमच्या दारात. नवरा बाह्या सरसावून आलेला. हेमाने दार उघडलं, आणि भांडण सुरू व्हायच्या आत सगळ्यांच्या हातात एकेक ढोकळ्याची बशी दिली. मी लंगडत पुढे होऊन सगळा प्रकार सांगितला. नियम सांगितला, मे महिना सांगितला, चार वर्षांचे चार केक सांगितले. सांगता सांगता माझा आवाज जरा भरून आला.

बाई जिग्नाबेन. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला. सामंतांकडे वळल्या. "बर्थडे है और केक नहीं काटने देते? आप आदमी हो के क्या हो?"

मग त्यांनी स्वतः आम्हाला त्यांच्या घरी नेलं. माझा मुरगळलेला पाय, दोघांनी धरून तीन मजले चढवली मला! एसीच्या मागे वाकून पाहिलं.

साळुंकी. माझ्या यादीत पान एक, ओळ दोन.

परत येताना जिग्नाबेनच्या सासूबाई गुजरातीत बरंच काही बोलत होत्या. अर्थ नाही विचारला, पण बोट सामंतांकडे होतं.

*

सहाव्या वर्षी, कबूल करते, मी लबाडी केली.

आदल्या दिवशी भोईरदादांना आणि हेमाला फोन करून सांगितलं, "उद्या मी पक्षी पाहिला म्हणून ओरडेन. तुम्ही फक्त 'हो' म्हणायचं." हेमा खुदकन हसली. दादा म्हणाले, "हां."

दुसऱ्या दिवशी खाडीवर सामंत बूट झटकायला वाकले आणि मी ओरडले, "तो बघा, तो गेला!" दोघं ओरडले, "हो हो, पाहिला!" अगदी झकास जमलं होतं.

सामंत सरळ झाले. म्हणाले, "छान. आता एकेक जण जीपच्या मागे या."

तिघांची वेगवेगळी जबानी! मी सांगितलं, निळा. भोईरदादांनी सांगितलं, सफेद. हेमाला विचारलं तर ती म्हणाली, "नीलूने कुठला सांगितलाय? तोच."

सामंत रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. वही मांडीवर ठेवून शांतपणे म्हणाले, "नीलिमाताई, केक काय, बाजारात मिळतो. पण तीस वर्षं नोकरी केली, माझ्या हाताने खोटा आकडा एकदाही गेला नाही. या वहीतही जाणार नाही. ती माझ्यामागे राहील."

मला इतकी लाज वाटली की मीच म्हटलं, "लिहा, नाही." आणि दुसऱ्या दिवशी आठच्या आधी केक डिशमध्ये काढून ठेवला.

*

आता यंदाचं.

हेमाने फेब्रुवारीत सांगितलं. गुडघे थकले, मुलगा-सून नागपूरला, फ्लॅटचा सौदा झाला. मी तिला काय काय बोलले! "जा, जा, तिथे उन्हाळ्यात भाजून निघ," म्हणाले. दोन दिवस फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी तीच आली आणि माझ्या किचनमध्ये भांडी घासत उभी राहिली. मला रडू आवरेना. पन्नास वर्षं झाली आम्हाला. माझ्या वाढदिवसाला ती नाही असं एक वर्ष गेलेलं नाही.

मे उजाडला. माझा वाढदिवस नेमका रविवारी, आणि मंगळवारी हेमाच्या सामानाचा ट्रक. मी सामंतांना गाठलं. म्हटलं, "यंदा एकदा, फक्त एकदा, नियम बाजूला ठेवा. हेमा चाललीय हो."

सामंत खाली बघत म्हणाले, "मग आधीच्या सहा वर्षांचं काय सांगायचं तुम्हाला?"

"मला काही सांगू नका! मला केक कापायचाय!"

"पक्षी दिसेल," एवढंच म्हणाले. असला संताप आला मला! हा माणूस आहे की तराजू?

रविवारी दुपारी चौकच्या पुढे गेलो. भोईरदादांचं म्हणणं, वाऱ्याने या दिवसांत समुद्रावरचे पक्षी किनाऱ्याला येतात. रस्त्याच्या कडेला उंचावर एक दगडी कठडा आहे, समोर समुद्र, मागे करवंदीच्या जाळ्या. चौघं कठड्यावर ओळीने बसलो. हेमाच्या मांडीवर केकचा डबा, त्याला निळी रिबीन. दादा शेंगा सोलत होते. सामंतांची दुर्बीण डोळ्यांवरून हलत नव्हती.

चार वाजले. पाच वाजले. घार, बगळा, कावळा.

"नागपूरला पक्षी असतात का गं?" हेमाने विचारलं.

"असतील. सामंत नसतील. सुखी होशील."

हेमा हसली आणि मग हसायची थांबली. मला तिच्याकडे बघवेना. मी पाण्याची बाटली घ्यायच्या निमित्ताने उठले आणि जीपकडे वळले.

मागे करवंदीच्या जाळीखाली वाळका पाला वाजला.

मला वाटलं सरडा असेल. पण पाल्यावर टुणकन उडी मारून तो बाहेर आला. हिरवी पाठ, पंखावर निळा तुकडा, डोळ्यावर काळी पट्टी, शेपटीखाली लालभडक. नवरंग! पुस्तकात बघून बघून पाठ झालेला, आयुष्यात कधी न दिसलेला नवरंग, माझ्यापासून दहा पावलांवर, जिवंत, पाला उलटा करून किडे टिपत होता.

या वेळी ओरडायचं नाही एवढं शहाणपण मला आलं होतं. मी हळूच कठड्याकडे मान वळवली, तिघांना खूण करायला.

तिघंही आधीच मागे वळलेले होते.

दादांच्या हातातली शेंग तशीच अर्धी सोललेली. सामंतांची दुर्बीण सरळ त्या जाळीवर. आणि हेमा, तोंड जरासं उघडं, दोन्ही हात डब्यावर. दोन साक्षीदार लागतात. इथे तीन होते.

नवरंगाने आणखी दोन उड्या मारल्या आणि तो जाळीत शिरला. पाला वाजायचा थांबला.

मी बाटली न घेताच परत आले आणि हेमाच्या शेजारी बसले. तिचं बोट रिबिनीच्या गाठीवर होतं. गाठ सोडायची तर एक टोक ओढायचं, बस्स. तिने ते ओढलं नाही. माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे.

सामंतांनी दुर्बीण खाली ठेवली. चष्मा पुसला. वही उघडली आणि घसा साफ करून विचारलं, "भोईर, काही नवीन?"

दादांनी राहिलेली शेंग सोलली. "न्हाय."

"हेमाताई?"

"मला कुठे काय दिसतंय? मी केक सांभाळतेय."

मग माझ्याकडे वळले. "नीलिमाताई?"

"नाही," मी म्हटलं.

सामंतांनी पेनाचं टोपण काढलं. तारीख घातली आणि पुढे, नेहमीच्या सुवाच्य अक्षरात, लिहिलं, "नवीन पक्षी: नाही." खाली सही केली. यंदा वाचून दाखवलं नाही.

हेमाने रिबिनीची गाठ आणखी घट्ट केली. नाक ओढत म्हणाली, "म्हणजे पुढच्या मेमध्ये मला नागपूरहून यावं लागणार."

"यावंच लागणार," सामंत वही मिटत म्हणाले. "नियम आहे."